‘आ.’ म्हणजे आजारी नव्हे

कोलोन, १३ जुलै २००३

ती. वीणाआत्यास, सा. न. वि. वि.

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी, तिथे फुटबॉल शिकवणाऱ्या आजोबांवर पाठवलेल्या लेखात माझी चूक झाली आहे. १९५२च्या अंतिम सामन्यात त्यांचे धाकटे भाऊ, आपले शशीआजोबा, आजारी म्हणून खेळले नाहीत, असं मी लिहिलं. सरावाच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘आ.’ आहे ना! पण काल पाहते तर एका सोमवारी अकराच्या अकरा मुलांपुढे ‘आ.’. आजाऱ्यापुढे आजोबा सरळ ‘ताप’ लिहीत. ‘आ.’ म्हणजे आराम. आजोबांनीच धाकट्या भावाला संघाबाहेर बसवलं. शशीआजोबा जन्मभर हेच सांगताहेत आणि आपण हसतोय, की समोरच्या संघाचे बूट बघून यांना ताप भरला. कॉलेजला तेवढं कळव.

लोभ आहेच, थोडी घाईही असू दे.

तुझी,
सुनेत्रा

कोल्हापूर, २५ जुलै २००३

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

जर्मनीत राहून तू अक्षरा-अक्षराला शिक्का मागायला लागलीस बाई! तुझ्या आजोबांनी, आमच्या दादांनी, शशीकाकांना बसवलं, हे मला ठाऊक आहे. घरचा म्हणून घेतला, असं पेठेत म्हणतील ही धास्ती. सामना हरलो, लोक म्हणाले शशी भ्याला, आणि दादा गप्प राहिले. पण बावीस वर्षं त्यांनी उघड्या माळावर पोरं शिकवली, फाटके चेंडू स्वतः शिवले. आता कॉलेजच्या पॅव्हेलियनला त्यांचं नाव लागतंय, त्यात हे कशाला? स्मरणिका १२ ऑगस्टला छापायला जाईल. पंधराच्या समारंभात काकांना पहिल्या रांगेत बसवणार आहोत. आणखी काय हवं?

चटणी पाठवली आहे. जेवत जा, आणि आत्याचं ऐकत जा.

तुझी,
वीणाआत्या

कोलोन, ६ ऑगस्ट २००३

ती. वीणाआत्यास, सा. न. वि. वि.

तुला ठाऊक होतं! आणि माझा लेख वाचून ‘छान’ म्हणालीस! चटणीचा डबा वाटेत फुटला. माझ्या डोक्यासारखंच सगळं लालभडक झालंय.

पहिल्या रांगेत बसवून त्यांच्या हातात ‘आजारी’ छापलेलं देणार? आजोबांची बावीस वर्षं मी पुसत नाहीये, एक शब्द बदलतेय. परवा फोनवर शशीआजोबांनी विचारलं, लेखात माझं नाव आहे का गं? मी आहे म्हणाले. नावापुढे काय आहे, ते सांगायची छाती झाली नाही.

आता वहीचं ते पान आधी त्यांना फोनवर वाचून दाखवणार, मग कॉलेजला फॅक्स करणार. मला थांबवायला लिहू नकोस. पत्राला बारा दिवस लागतात, मोजलेत मी.

खुशाल रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
सुनेत्रा

ता. क. संपादक रविवारपर्यंत गावाला गेलेत. म्हणून फॅक्स सोमवारी, ११ ऑगस्टला.