कायत्साकचा राखीव गोलकीपर

१० एप्रिल १९४९, रविवार

आजही बाकावरच. नुसता सरावाचा सामना, समोर गिरणीतले हौशी कामगार — तरी गोलात मुशेघ! मी कोट गुंडाळून बसलो. लेनिनाकानमधला एप्रिल म्हणजे बैरूतचा जानेवारी, तोही ओल्या अंगानं काढलेला.

हाफटाइमला ग्रिशा आला. आमचा उजव्या बाजूचा फॉरवर्ड. पायांपेक्षा जीभ चपळ. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अख्पार, बाक नीट तापवून ठेव. म्हातारपणी मुशेघला बसायला लागेल."

अख्पार म्हणजे भाऊ. आम्ही परदेशातून परत आलेले आर्मेनियन लोक एकमेकांना अशीच हाक मारतो. इथल्यांनी त्याची शिवी करून टाकली. म्हणतात, अख्पार आले नि पाव मिळेनासा झाला. अख्पार कॉफी नावाचं काळं पाणी पितात. बैरूतहून जहाजानं सोव्हिएत आर्मेनियात येऊन दोन वर्षं होतील. उतरल्यावर आईनं मातीचा मुका घेतला होता. हल्ली ती गोष्ट काढत नाही.

मुशेघ हसला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तेहेतीस वर्षांचा माणूस, गुडघ्याला कायम पट्टी, पण जागा सोडेल तर शपथ.

१७ एप्रिल

तिफ्लिसच्या संघाला हरवलं. म्हणजे त्यांनी हरवलं. मी कोट सांभाळले.

२४ एप्रिल

आज उस्तादांना विचारलंच. गारेगिन उस्ताद, आमचे प्रशिक्षक. कागदात तंबाखू वळत होते.

"उस्ताद, माझी पाळी कधी?"

"नुबार, तू चांगला आहेस. पण मुशेघ मागं असला की पुढचे दहाजण निवांत खेळतात. तू असलास की वळून वळून बघतात."

"मी अख्पार म्हणून."

"तू क्रॉस आला की पोस्टला चिकटतोस म्हणून."

फार राग आला. घरी पोचेपर्यंत पटलं. मग जास्त राग आला.

८ मे

उस्तादांच्या भावानं मेंढी दिली. सगळा संघ त्याच्या गावी गेला. जर्दाळूच्या झाडाखाली शेगडी, वर सळयांना लावलेलं मटण, तुतीची दारू. पोटभर मटण किती दिवसांनी!

उस्तादांना दोन घोट लागले की क्लबचा इतिहास सुरू होतो. रेल्वेच्या कारखान्यातल्या पोरांनी १९३६ साली संघ काढला. मैदान नव्हतं. रविवारी गुरांचा बाजार उठला की आधी शेण उचलायचं, मग खेळायचं. नाव कायत्साक ठेवलं — वीज. पहिल्याच सामन्यात सात गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, वीज पडली खरी, पण स्वतःच्याच घरावर. ते वाचून घाबरून पळाला तो गोलकीपर. त्याच्या जागी वीस वर्षांचा एक वेल्डर उभा केला. तो मुशेघ.

मग लढाई. "त्या पहिल्या अकरांतले चौघं परत आले," उस्ताद म्हणाले. "एकट्या केर्चच्या आघाडीवर तिघं गेले. एकाच दिवशी." सगळे उभे राहिले, प्याले वर केले. मुशेघ सगळ्यांच्या मागून उठला. प्याला ओठांना लावला आणि गवतावर ओतून टाकला.

मी ग्रिशाला हळूच विचारलं. तो पहिल्यांदाच माझ्याशी थट्टेशिवाय बोलला. "तोही केर्चलाच होता. जर्मनांनी पकडला. लढाई संपेपर्यंत छावणीत. मेले ते वीर झाले. जिवंत आला त्याला विचारतात — का बाबा जिवंत आलास? जाऊ दे. मटण गार होतंय."

१४ मे

सरावाला मुशेघ नव्हता. संपता संपता आला. चौकातल्या त्या काळ्या दगडी इमारतीत चौकशीला बोलावलं होतं म्हणे. कुणी काही विचारलं नाही. तो बूट घालून गोलात जाऊन उभा राहिला. आम्ही सगळे निघालो होतो, तरी.

१६ मे

आज आक्रितच घडलं. सराव संपल्यावर मुशेघनं हाक मारली.

"ए बैरूत. इकडे ये. कपडे बदलू नकोस."

मैदानात आम्ही दोघंच. त्यानं बॉल पायाखाली घेतला. "तिथं तू कुठल्या क्लबात खेळायचास?"

माझा बैरूतचा क्लब ज्या पक्षाचा, त्याचं नावसुद्धा इथं काढायचं नाही. आईनं येण्याआधी माझी क्लबची जर्सी उसवून तिची फडकी केली होती.

"गल्लीत खेळायचो," मी म्हटलं.

"शाबास. तेच उत्तर दे, कुणीही विचारलं तरी." मग म्हणाला, "परवा मला विचारलं. आधी माझं झालं, मग तुझं. हा पोरगा एवढं कुठं शिकला, कुणी शिकवलं. मी म्हटलं, साहेब, आला तेव्हा त्याला बॉल धरता येत नव्हता. सगळं इथं शिकला, माझ्याकडून."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं—"

"म्हणून तर म्हणतो, शीक आता. मला खोटं पाडू नकोस. जा, उभा राहा. आणि पोस्ट सोड. ती तुझी सासू नाही, पडणार नाही."

अंधार पडेपर्यंत क्रॉस मारत होता. दोन्ही कोपरं सोलली. आईनं विचारलं, मारामारी केलीस का?

२० मे

बॉलकडे बघू नकोस, मारणाऱ्याच्या कमरेकडे बघ. पाय फसवतो, कंबर नाही. — मुशेघ.

आणि — ओरडत जा! "तुझं मौन ऐकून बॅकना घाम फुटतो." मी म्हटलं, मी ओरडलो की माझ्या बोलीला हसतात. तो म्हणाला, हसू देत, पण जागेवर उभे राहून हसू देत.

२७ मे

आज त्याच्या घरी जेवलो. एक खोली, खिडकीत कांद्याची पात. त्याची बायको सिरानुश हिनं दह्याचं गव्हाचं गरम सूप वाढलं. मी दुसऱ्यांदा घेतलं तशी म्हणाली, "आता कळलं, बैरूत का सोडलंस. उपाशी होतास."

मुशेघ कमी बोलतो, पण घरी तिच्याकडे बघत राहतो. निघताना तिनं लोकरीचे हातमोजे दिले, नवे विणलेले. मी नको म्हणत होतो. मुशेघसाठी विणलेले, त्यालाच लागतील ना थंडीत. ती म्हणाली, "घे रे. विणून झालेत." आणि भांडी आवरायला वळली. पुन्हा तोंड इकडे केलंच नाही.

काही चुकलं का माझं?

५ जून

खेळलो!

हाफटाइमला मुशेघ गुडघा धरून बसला. "उस्ताद, होत नाही." उस्तादांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मला मानेनं खूण केली. बुटाची नाडी तीनदा बांधावी लागली.

एक गोल खाल्ला. दोन अडवले, त्यातला एक खरोखर चांगला. क्रॉसला बाहेर पडलो. ओरडलो. सगळे बैरूतच्या बोलीला हसले असतील, मला ऐकू आलं नाही. शेवटी बरोबरी. ग्रिशा जवळून जाताना म्हणाला, "अख्पार, आज मी एकदाही वळून बघितलं नाही." आणि लगेच, "दृश्यच बघवत नव्हतं म्हणून."

पण पाठीत थाप मारली ती चांगली जोरात.

घरी येताना मुशेघ माझ्यापुढं चालत होता. जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन चढत गेला. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

११ जून

ग्रिशाचा मेव्हणा रेल्वेत आहे. म्हणतो, मालगाडीचे रिकामे डबे आणून उभे केलेत, रांगच्या रांग. आत फळ्या ठोकताहेत. गुरांसाठी नाहीत. इतक्या गुरांचं नाव कुणी काढलेलं नाही.

आमच्या वस्तीत सगळ्यांना तेच वाटतंय — आम्हाला हद्दपार करणार. बाहेरून आलेल्यांना. आईनं गाठोडं बांधलं. गरम कपडे, पाव, वडिलांचा फोटो. ती रडत नाही. तुर्कांनी आर्मेनियन लोकांना हाकललं तेव्हा तिचं लहानपण अशाच चालण्यात गेलं. गाठोड्याला गाठ कशी मारायची हे तिच्या हातांना अजून आठवतं.

सरावाला मुशेघला सांगितलं.

"यादीत तुझं नाव नसेल," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तू माझ्याकडे शिकलास ना? असं मी सांगितलंय." मग वाकून बुटाची नाडी बांधत म्हणाला, "एकोणीस तारखेला कुताइसीवाले येतायत. त्यांचा सेंटर फॉरवर्ड डाव्या पायाचा आहे. उजव्यानं मारायचं सोंग करतो. लक्षात ठेव."

"मी कशाला लक्षात ठेवू? गोलात तर तुम्ही."

नाडी बांधून झाली होती. तरी तो वाकलेलाच राहिला.

१४ जून, मंगळवार

रात्री ट्रक आले. आई कपडे घालून खुर्चीत बसली होती, मांडीवर गाठोडं. एक ट्रक आमच्या दाराशी थांबला. वरच्या मजल्यावर पावलं, मग खाली. अलेप्पोहून आलेल्या शिंप्याचं कुटुंब. आमचं दार वाजलं नाही. ट्रक गेला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की हसू आलं. हे लिहून ठेवतो, कारण उद्या मी स्वतःशी नाकबूल करेन.

सकाळी मैदानावर गेलो. सगळे आले होते.

मुशेघ सोडून.

१६ जून

ग्रिशा जाऊन बघून आला. दाराला लाखेचं सील. शेजारीण म्हणाली, अर्धा तास दिला होता. सिरानुशनं आधीच सगळं बांधून ठेवलं होतं. जाताना शेजाऱ्यांना कांद्याची पात देऊन गेली, पाणी घाला म्हणाली. कुणी म्हणतं सायबेरिया, कुणी म्हणतं अल्ताय. आम्हाला दोन्ही सारखंच.

क्लबच्या भिंतीवरचा पहिल्या संघाचा फोटो कुणीतरी काढून नेला. खिळा तेवढा आहे.

कुणी त्याचं नाव घेत नाही. उस्ताद मला म्हणाले, "रविवारी तू." बस्स. एवढंच.

हेच मला हवं होतं. एप्रिलपासून, रोज, दुसरं काही नाही.

ग्रिशानं आज मला अख्पार म्हटलं नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१९ जून

कुताइसीशी बरोबरी. शून्य-शून्य. बारा हजार लोक.

पहिला बॉल अडवला तेव्हा लांबच्या स्टँडमधून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "शाबास, मुशेघ!" सगळं मैदान एका क्षणात चिडीचूप. कुणी खोकलंही नाही.

मी त्या हाकेला हात वर केला.