पस्तीस टक्के

१३ जानेवारी २०२५

पस्तीस टक्के! चाळीस लागतात. चाळीसच्या खाली अपंगाचा कागद असला काय अन् नसला काय. निराधारचा पगार नाही, बसचा पास नाही, काही नाही.

चार तास उमरग्याच्या शिबिरात लायनीत. श्रीदेवीला आवाज सोसत नाही, म्हणून कानटोपी घालून, माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत शांत बसली. आत डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय बाळ?" — आणि ती बोलली! "श्रीदेवी माणिकप्पा." स्पष्ट. पंधरा वर्षांची पोर माझी, हे दोन शब्द शिकवायला मला दोन वर्षं लागली. मग ठोकळे दिले, तेही रंगाप्रमाणे लावले. डॉक्टर म्हणाले, "बोलते की! हुशार आहे." मी तिथंच हसले. खरंच आनंद झाला मला.

बाहेर येऊन कागद वाचला.

१५ जानेवारी

हे सकाळी हैदराबादहून ट्रक घेऊन आले. कागद बघून म्हणाले, "बरं झालं की! पोरगी येडी न्हाय म्हणून सरकारनंच लिहून दिलं." अन् झोपले.

मी शिवणाच्या दुकानातलं काम का सोडलं? दिवाळीत दार उघडं राहिलं अन् ही हायवेच्या मधोमध जाऊन बसली म्हणून. त्यांना माहीत आहे सगळं. बाहेर राहणाऱ्याला विसरायला सोपं पडतं.

२० जानेवारी

हर्षालीमॅडम आल्या. शाळेकडून आठवड्याला एकदा घरी येऊन श्रीदेवीला शिकवतात. म्हणाल्या, "फेरतपासणीचा अर्ज करू. जिल्ह्याला डॉक्टरांचं बोर्ड बसतं. तिला काय काय येत नाही ते सगळं लिहून द्या. ताई, लाजू नका."

२२ जानेवारी

लिहायला बसले.

पाळीत कपडा काढून फेकते. कुठंही, कुणासमोरही. मनगट चावते, जखम भरत नाही. हातावर गरम आमटी सांडली तरी सांगत नाही, फोड आल्यावर आपल्याला कळतं. अनोळखी माणसानं हात धरला तर त्याच्याबरोबर चालायला लागते.

हे शेवटचं लिहिलं अन् उठून गेले. पंधरा वर्षं मी लोकांना सांगत आले ते तिला काय येतं ते. भाकरी थापते. बटणं निवडते. सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ चुकू देत नाही. त्यातलं एकही इथं चालत नाही.

चार पानं झाली.

३ फेब्रुवारी

बोर्डाची तारीख आली. बारा.

शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, "अगं, डॉक्टरम्होरं पोरगी शहाणी दिसली, तितंच घात झाला. उपाशी ने. ती टोपी काढ डोक्यावरची. मग बघ किती टक्के देतेत."

"कायतरीच काय बोलता!" म्हणाले. दुपारभर दुसरं काही डोक्यात आलं नाही.

११ फेब्रुवारी

नाही करायचं.

१२ फेब्रुवारी

केलं.

पहाटेच्या बसला बसलो. डबा बांधला होता, दिला नाही. तुळजापूर येईपर्यंत ती पिशवीकडं बघत होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात नाव पुकारलं, तशी मी तिची टोपी काढली. ती कुणाच्या डोळ्यात बघत नाही. माझ्या बघितलं.

आत पंख्याची घरघर. खुर्ची सरकवली कुणीतरी, फोन वाजला. दोन मिनिटं लागली असतील. मग खाली पडली. डोकं फरशीवर, दात मनगटात. शिपायानं धरायला बघितलं तर अजूनच! अन् ओरडत होती — "साकु! साकु!"

सासूबाईंचा कन्नड शब्द. जेवताना ताटावर हात आडवा धरून म्हणतात. पुरे, बास. श्रीदेवीच्या तोंडून मी तो कधी ऐकला नव्हता. आज पहिल्यांदा बोलली, अन् बरोबर जागी बोलली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "राहू द्या, राहू द्या. बाहेर न्या तिला."

बाहेर टोपी घातली. डबा उघडून घास पुढं केला. तोंड फिरवलं.

१३ फेब्रुवारी

जेवली नाही. कपाळावर टेंगूळ.

सासूबाईंनी विचारलं, "कुठं पडली गं?" बसमधी, म्हणाले.

१९ फेब्रुवारी

जेवते आता. सासूबाईंच्या हातचं.

६ मार्च

मोबाईलवर आलं. सत्तर टक्के!

ह्यांना फोन केला. "जमलं म्हण की!" जमलं. निराधारचा अर्ज उद्या तहसीलला द्यायचा, झेरॉक्स काढून ठेवल्या.

श्रीदेवी मला डोक्याला हात लावू देत नाही. वेणी सासूबाई घालतात. त्यांचे हात थरथरतात, भांग वाकडा येतो. मी कंगवा घेऊन जवळ गेले की कानांवर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून बसते.

१० मार्च

हर्षालीमॅडम पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, सांगायचंच राहिलं बघा. त्या दिवशी सकाळीच डॉक्टरबाईंचा मला फोन होता. फाइल वाचूनच त्यांनी सत्तर टक्के लिहून ठेवले होते, तुम्ही पोचायच्या आधीच! पोरीला नुसतं एकदा बघायचं राहिलं होतं. किती चांगल्या आहेत ना बाई?"

व्हय, म्हणाले.