नाणं न उडवता केलेली वाटणी

मी, वय वर्षं एकोणऐंशी, विद्यापीठाच्या संभाव्यता व यादृच्छिक प्रक्रिया संशोधन प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला राग येतो हा बुद्धी फिरल्याचा पुरावा मानू नये. तो मला तिशीपासून येतो आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे सापडलंच तर ते खोटं समजावं.

कलम एक. माझ्या मालकीच्या कोणत्याही स्थावर वा जंगम मालमत्तेची वाटणी चिठ्ठी टाकून, नाणं उडवून, फासे टाकून किंवा तत्सम मार्गाने करू नये. सर्व वारसांची संमती असली तरीही करू नये. वकील म्हणाले, "बाई, असलं कलम मी आजवर कुठल्याच मृत्युपत्रात घातलेलं नाही." मी म्हटलं, "मग आज घाला."

कारण असं की घर एक आहे आणि मुलं दोन. गेल्या महिन्यात थोरली लेक आली होती. जेवणं झाल्यावर म्हणाली, "आई, तुझ्या प्रयोगशाळेत करायचे तशी चिठ्ठी टाकू या ना घरासाठी. म्हणजे नंतर कुणी कुणाला बोलायला नको." मुलगा खाली मान घालून चष्म्याची काच पुसत होता. "चालेल ताई," एवढंच तो म्हणाला. त्याचा चेहरा मी पाहिला आणि रात्रभर माझं डोकं तापलेलं राहिलं, कारण तो चेहरा एकेकाळी माझा होता.

प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना काचेच्या नळ्या आठवतात. आमची म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या, भिंतभर फळा, खडूची धूळ आणि कधीच नीट बंद न होणारी एक खिडकी. रांग किती वाढेल, गर्दी कुठे तुंबेल, यंत्र कधी बिघडेल, अशा बेभरवशाच्या गोष्टींचा हिशेब आम्ही तिथे मांडायचो. प्रमुखांना आम्ही सर म्हणायचो. सरांनी एक प्रथा पाडली होती. खिडकीजवळचं टेबल कुणाचं, परिषदेला कोण जाणार, शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, हे सगळं नाणं उडवून ठरे. पाहुणे आले की सर छाती फुगवून सांगत, "आमच्याकडे वशिला चालत नाही." टेबलापुरती मलाही त्याची गंमत वाटायची.

मग कायम नोकरीची एकच जागा निघाली. उमेदवार दोन, मी आणि माझा सहकारी, ज्याला सगळे लांब्या म्हणत. रांगेतल्या माणसाला किती वाट पाहावी लागेल, यावरचं आमचं काम दोघांच्या नावाने छापलं होतं. त्यातला सिद्धांत माझा, सिद्धता माझी. लांब्याने उदाहरणं सोडवली आणि आकृत्या काढल्या, त्या सुरेख होत्या, हेही लिहिते. निवड समितीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, कारण त्यांच्या शंकांना फळ्यापुढे उभी राहून मीच उत्तरं दिली होती. बैठक संपवून सर बाहेर आले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं अगदी तुल्यबळ आहात. आपल्या प्रथेप्रमाणे करू." मी तोंड उघडलं असतं तर रडीचा डाव खेळणारी ठरले असते. मी मान डोलावली. छापा पडला, लांब्या कायम झाला, आणि मी निवृत्तीपर्यंत दर वर्षी करार वाढवून घ्यायला कारकुनाच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी लांब्या माझ्या टेबलाशी आला. "तू माझ्यापेक्षा सरस आहेस हे सगळ्यांनाच माहीत होतं."

"मग काल बोलला का नाहीस?"

"मला विचारलं कुणी?"

नाणं चोख होतं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जे सारखे नाहीत त्यांना सारखं करायची ताकद नाण्यात नसते, हे त्या इमारतीत आम्हाला नाही तर कुणाला कळायचं? समितीला बाईला उघड नाही म्हणायची लाज वाटत होती आणि हो म्हणायची इच्छा नव्हती. म्हणून त्यांनी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली आणि हात झटकून चहाला गेले. घरी नवरा म्हणाला, "नशीब म्हण आणि सोडून दे." नशिबाच्या अभ्यासावरच माझी चूल पेटत होती, मला कसलं नशीब सांगतोस, असं मी त्याला सुनावलं. बिचारा जाईपर्यंत पुन्हा तो शब्द बोलला नाही.

कलम दोन. प्रयोगशाळेला माझ्याकडून काहीही मिळू नये. सध्याच्या संचालकांनी माझ्या नावाने पारितोषिक ठेवायचं सुचवलं आहे; दोन उमेदवार सारखेच वाटल्यास "थोर परंपरेनुसार" नाणं उडवावं, असंही त्यांच्या पत्रात लिहिलं आहे. माझं नाव खोलीला, खुर्चीला, पारितोषिकाला, कशालाच देऊ नये.

कलम तीन. लांब्या अजून हयात आहे आणि सभांमधून छान बोलतो. माझ्या शोकसभेत त्याने बोलू नये. त्याची बोलायची वेळ एकदा येऊन गेली आहे. मागे कुठेतरी बसायला हरकत नाही.

कलम चार. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी स्वखर्चाने सुताराकडून करून घेतलेली खिळ्यांची फळी, वरून गोळ्या सोडल्या की खाली ढीग जमतो ती, शेजारच्या दंतवैद्य बाईंना द्यावी. त्यांच्याकडे लोक फार वेळ ताटकळत बसतात. वाट पाहणाऱ्यांची बाजू मी नेहमीच घेत आले आहे.

कलम पाच. बँकेतली सगळी शिल्लक आणि माझी पुस्तकं लेकीला. समासात मी लिहिलेल्या शिव्या तिला कळतील. घराच्या किमतीपुढे ही शिल्लक किरकोळ आहे, हे मला ठाऊक आहे. ही घराची भरपाई आहे असं सांगून मी कुणाला फसवणार नाही.

कलम सहा. राहतं घर, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या व स्वयंपाकघर, आतल्या सामानासह मी माझ्या मुलाला देत आहे. एकट्याला आणि पूर्ण.

माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्याने बाजारातलं चष्म्याचं दुकान बंद केलं आणि काचा घासायचं यंत्र माझ्या पुढच्या खोलीत आणून मांडलं. जिना चढून जेवढं गिऱ्हाईक येतं तेवढ्यावर तो भागवतो. मला उठवतो, न्हाऊ घालतो, औषधं देतो आणि वर माझी बोलणीही खातो.

लेकी, आता तुझ्याशी बोलते. वकील म्हणाले की मृत्युपत्रात असं कुणाला उद्देशून लिहीत नाहीत. मी लिहिणार. तू दुसऱ्या शहरात विमा कंपनीत जोखीम मोजतेस, चांगलं कमावतेस, तुझं स्वतःचं घर आहे. सुट्टीत येतेस, फळं आणतेस, माझ्याशी कडाकडा भांडतेस आणि जातेस. तू वाईट नाहीस, तू माझ्यावर गेली आहेस. पण तुझ्यापेक्षा त्याने जास्त केलं आणि त्याला गरजही जास्त आहे. घर विकून निम्मं-निम्मं करण्याचाही मी विचार केला. निम्म्यात त्याला छप्पर मिळणार नाही आणि यंत्राला जागा मिळणार नाही. तुझ्या खात्यातला आकडा मात्र फुगेल.

तुला हे लागेल. माझा जीव तुझ्यावर कमी आहे असं तुला वाटेल, आणि ते खोटं आहे हे सांगायला मी नसेन. भावाशी अबोला धरू नकोस. त्याने काही मागितलं नाही, तो तर तुझ्या चिठ्ठीलाही तयार झाला होता. राग माझ्यावर धर, हवा तेवढा धर. माझ्या वेळी मी ज्याला त्याला विचारत फिरले, आणि हे मी ठरवलं असं म्हणणारा एक माणूस मला सापडला नाही. तुझ्यावर ती पाळी येणार नाही. हे तुझ्या आईने ठरवलं आहे. खाली तिची सही आहे, भांडायचं तर तिच्याशी भांड.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वर उल्लेखिलेल्या वकिलांनी करावी.

सही

साक्षीदार (यांना यातून काहीही मिळत नाही, आमच्या देखत, आम्हाला वाचून दाखवून सही केली):
१. प्रयोगशाळेचे निवृत्त ग्रंथपाल (सही)
२. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: नऊ नोव्हेंबर, रविवार