ऐकलेलं एक वाक्य

अहो,

मी शाळेत चाललेय. आज माझ्या वर्गाची पहिली ऑनलाइन परीक्षा आहे आणि ती या घरात बसून घ्यायची माझी हिंमत नाही. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

काल मुलांचा सराव होता. "सगळ्यांनी माइक बंद ठेवा, कान देऊन गोष्ट ऐका आणि ऐकलेलं एक वाक्य लिहून पाठवा," असं चांगलं बजावलं आणि गोष्टीचं पुस्तक घ्यायला आत आले. माझा स्वतःचा माइक मात्र चालूच राहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आत तुम्ही तोंड सोडलंत, मीही काही मागे राहिले नाही. परत येऊन बसले, तर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच उत्तरं येऊन पडलेली.

"तुझं तोंड बघायचा कंटाळा आलाय." निम्म्या वर्गाने हेच लिहिलंय. पोरांचे आईवडीलही शेजारीच बसलेले असणार. आता त्यांना कुठल्या तोंडाने सामोरी जाऊ?

आणि या पेपरांचं करू तरी काय? जे ऐकलं तेच लिहिलंय बिचाऱ्यांनी. एकाचाही मार्क कापता येईना, म्हणून सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन टाकले.

आमच्या वर्गातली चिमणी एरवी विचारल्याशिवाय चकार शब्द काढत नाही. तिने तुमच्या वाक्याखाली आपली एक ओळ जोडलीय:

"बाई, आम्हाला नाही आला."