पूर्ण नावानिशी

२५ ऑगस्ट, सोमवार
सलीमभाईंच्या दुकानाला सील. मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, पण मागच्या खोलीत दर रविवारी आमचं डिजिटल हक्कांचं मंडळ बसायचं. गिऱ्हाइकांचे मोबाईलसुद्धा पोत्यात घालून नेले. सलीमभाई आत. गुन्हा काय, तर चोरी आणि धमकी.

तुळजापूरच्या देवकरचं लॉज बुकिंगचं अ‍ॅप. लिंकच्या पत्त्यातला एक आकडा बदलला की दुसऱ्याच भक्ताचं आधार कार्ड समोर. पासवर्ड न्हाय, काही न्हाय. आम्ही मंडळाच्या रीतीनं कळवलं. उघडं दार दिसलं तर कडी वाजवायची, आत शिरायचं नाही. आणि कळवताना पूर्ण नाव, नंबर लिहायचा, लपतात ते चोर. परक्याचं कार्ड पुरावा म्हणून जोडणं बरं दिसत नाही म्हणून स.भाईंनी देवकरचं स्वतःचंच जोडलं. आमच्या लेखी ती सभ्यता. त्याला वाटलं, धमकावतायत, आणि त्यानं तक्रार ठोकली. असली चूक आमच्यासारखे अतिशहाणेच करू शकतात.

यापुढं इथं त्याचं पूर्ण नाव लिहिणार नाही. नुसता दे.

२८ ऑगस्ट
जाधव सरांबरोबर ठाण्यात. सत्तरीचा माणूस, मंडळाचे अध्यक्ष, जन्मभर पोरांना गणित शिकवलं, त्यांना सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं.
साहेब म्हणाले, "उघडं होतं तर होतं. तुमी बघायला कशाला गेलात?"
सर समजावत बसले, लोकांची खासगी माहिती, डिजिटल हक्क वगैरे. साहेबांनी चहा मागवला, स्वतःपुरता.
सलीमभाईंच्या बायको, नजमाभाभी, बाहेर उभ्या. डबा आत घेतला न्हाय. त्यांनी तो परत पिशवीत घातला. मला मात्र रडू आलं, ते रागाचं.

२ सप्टें.
पेपरात दे.चा फोटो. शाल, नारळ. म्हणे भक्तांच्या माहितीचा रखवालदार. आईनं त्याच पानावर शेंगांची टरफलं टाकली तेव्हा जरा बरं वाटलं.
मग अ‍ॅप बघितलं. भोक अजून तसंच. माणूस आत टाकला आणि दार उघडंच ठेवलं.
आज कडी वाजवली नाही. आत गेले. सगळ्या भक्तांना एकदम मेसेज पाठवायची सोय तिथंच, तीही बिनकुलपाची. पाठवणाऱ्याचं नाव त्याचंच येईल.
तळपायाची आग मस्तकात गेलीय. सोडणार नाही त्याला.

५ सप्टें.
मेसेज लिहून ठेवला. 'तुमचं आधार कार्ड आमच्याकडं उघड्यावर पडलंय. ज्यानं आम्हाला हे कळवलं त्याला आम्ही जेलात टाकलं. आपला, दे.' (तिथं मात्र पूर्ण नाव घातलंय.) तीनदा वाचला. गोड लागला.
नवरात्राची ज्योत न्यायला गावोगावच्या मंडळांची पोरं तुळजापुरात उतरली की बटण दाबायचं. लॉजच्या काउंटरवर गर्दी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि मधोमध हा, घामाघूम. तोंडातून शब्द फुटू नये त्याच्या...
सरांना सांगितलं. म्हणाले, "सूड तुझा होईल पोरी, आत सडेल सलीम. आपण शिरलो नाही, एवढं एकच आपल्या हातात होतं."
खरंय. म्हणून काय गप बसू?

११ सप्टें.
जामीन झाला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. दुकान बंदच. स.भाई पार वाळलेत. मी त्यांच्या घरी गेले तर शेजाऱ्याचा रेडिओ खोलून बसलेले.
दे.चा निरोप आलाय, लेखी माफी मागा, तक्रार मागं घेतो.
मी म्हणलं, "भाई, तुमी माफी मागणार असाल तर मी आत्ता बटण दाबते." आणि मेसेजचं सगळं सांगून टाकलं.
रेडिओतच बघत म्हणाले, "आत शिरलीस तू?"
"व्हय."
हातातला स्क्रू परत बसवला. मग, "त्यात त्यो एकलाच हाय का? लोकांच्या आयाबहिणींची कार्डं हायेत. कुणी बघू नये म्हणून आपण ओरडलो, आन् तूच आत जाऊन आलीस."
घरी येऊन भांडी आपटली. एवढा चांगुलपणा मला झेपत नाही. दे.इतकाच त्यांचाही राग आला.

२१ सप्टें., रविवार
उद्या घट. तुळजापूरच्या गाड्या भरभरून चालल्यात. मंडळ सरांच्या घरी. स.भाई माफीनामा आणणार असं धरून मी मोबाईल हातातच ठेवलेला.
माफी नव्हती. नवं पत्र, दे.लाच, प्रत पोलिसांना. भोक अजून आहे, असं असं करून बुजवा, उद्यापासून गर्दी आहे. पुरावा म्हणून या वेळी स्वतःचं आधार. त्याच अ‍ॅपवर आपल्या नावानं खोली बुक केली आणि भाभीच्या मोबाईलवर आपलंच कार्ड उघडून दाखवलं.
सर चिडले, "जामीन रद्द करतील, सलीम."
"उद्या सोमवारच हाय. हजेरीला जायचंच हाय, हातोहात देतो."
खाली त्यांची सही, पूर्ण नाव, नंबर. सरांनी चष्मा पुसून आपली केली. तिसरी जागा माझी.
सही केली तर बटण दाबता येणार नाही. दाबलं तर पोलिसांचा पहिला हात या दोघांवर पडणार. भाईंना हे पक्कं ठाऊक, म्हणूनच जागा सोडली. लई बेरकी माणूस.
मी नुसतीच बसलेली बघून म्हणाले, "पेन चालत न्हाय का? दुसरा देऊ?"
पेन चालतंय. तिसरी जागा कोरीच ठेवून कागद घरी घेऊन आलेय, सकाळी ठाण्याच्या दारात त्यांच्या हातात द्यायचाय. मेसेज अजून पुसलेला नाही.