जिंकलेल्या गड्याची झोप

मु. मुळशी
ता. १६ मे १९२६

तीर्थरूप सौ. सुंदराआक्काच्या चरणी जयसिंगचा दंडवत.

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. इथं सगळे बरे आहेत, म्हणजे निदान कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. आईचा खोकला कमी आहे. तांबडी म्हैस व्यायली. धरणाची भिंत आता आपल्या खळ्यावरून दिसते. परसातला फणस तोडायचा की ठेवायचा यावरून सारजाबाई काकू काकांशी रोज भांडते. पाणीच येणार असेल तर फणसाचं काय एवढं, पण भांडायला काहीतरी लागतं माणसाला.

हैबतराव भाऊजींचं पत्र पोचलं. माझ्यासाठी केवढी धावाधाव केली त्यांनी! कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश, फी माफ, जवळच्या तालमीत जागा, वर रोजचं दूध. अट एकच, कॉलेजच्या नावानं कुस्त्या खेळायच्या. दुसरा कुणी असता तर लंगोट गुंडाळून त्याच दिवशी निघाला असता. मी मात्र उत्तर लिहायला बसतो आणि दौत मिटून उठतो.

आता घर हलवायचं, त्यात आबा एकटे पडतील. शिवाय पुण्याचं कॉलेज अर्ध्यावर सोडायचं, तिथले प्रोफेसर नवे, विषय मागेपुढे झालेले. ही कारणं खोटी नाहीत. पण मी अशी कारणं मोजायला लागलो की तू म्हणायचीस, "जया, आता खरं काय ते बोल."

बरं. माझा पेपर तापामुळे चुकला असं मी भाऊजींना कळवलं होतं. ताप नव्हता.

यंदा अधिक चैत्र आला आणि भैरवनाथाची जत्रा महिनाभर पुढं सरकून थेट माझ्या परीक्षेत येऊन बसली. आबांनी थंडीतच भरे गावच्या धुळा पैलवानाशी माझी कुस्ती ठरवून वचनाचा नारळ दिला होता. अधिक महिना कुणाच्या ध्यानातच नव्हता. लग्नाला पंचांग बघतात, कुस्तीला कोण बघतो? मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण जुन्या देवळापुढची ही शेवटची जत्रा, असं सगळं गाव धरून चाललं होतं. मग दोन पेपरांमधल्या मोकळ्या दिवशी आलो आणि खेळलो.

धुळा तगडा गडी. बराच वेळ दाद देईना, शेवटी ढाकेच्या डावावर चीत झाला. मग गुलाल, हलगी, आबांच्या डोळ्यांना धार. लोकांनी मला खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत नेलं. आक्का, तिथं वर बसून मी रसायनशास्त्रातली समीकरणं आठवत होतो आणि एकही धड आठवत नव्हतं.

निजताना आबांना बजावलं, कोंबडा आरवला की उठवा. कुशाबाच्या बैलगाडीनं पौड, तिथून मोटारीनं पुणं, म्हणजे दुपारचा पेपर गाठता येईल. कुशाबा वेळेवर गाडी जुंपून आलाही. आबा उंबऱ्यातच बसले होते.

"निजू दे त्याला," ते म्हणाले. "जितल्याल्या गड्याला हाक मारून उठवत न्हाईत. अंगातली रग उतरती."

"आवं, पेपर हाय त्येचा!"

"पेपर पुना येत्याल, कुशाबा. ही जत्रा न्हाई येणार."

हे मला नंतर कुशाबानं सांगितलं. मी जागा झालो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं आणि आबा माझ्या पोटऱ्यांना तेल चोळत होते. मला जाग येऊ नये इतक्या हलक्या हातानं चोळत होते.

ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुण्यात दोन वर्षं पहाटे तालीम आणि मग कॉलेज. वर्गात डोळे मिटतात, तर प्रोफेसर म्हणतात, पैलवानांना पांघरूण द्या. तालमीत हात ढिला पडला तर वस्ताद म्हणतात, आज शास्त्रीबुवा दमले. दोन्ही डगरींवर हात ठेवून मीच मधे लोंबकळतोय. अंग धड आहे गं माझं. मी दमलोय. मला कुस्ती नकोशी झालीय आक्का. लिहिलं एकदाचं.

म्हणून मी कोल्हापूरला येत नाही. भाऊजींची माफी मागतो. तिथंही मला सगळे जपतील, दूध पाजतील आणि परीक्षेच्या सकाळी मायेनं निजू देतील. मी पुण्यातच राहीन, मागून आलेल्या पोरांच्या बाकावर बसून तोच वर्ग पुन्हा करीन. तालमीची पायरी चढणार नाही.

आबांना हे सांगायचं राहिलंय. रोज ठरवतो आणि रोज राहतं. काल पारावर ते लोकांना सांगत होते, "गाव बुडंना का. कुस्तीच्या फडात माज्या जयाच्या नावाआदी गावाचं नाव पुकारत्यात. त्यो खेळतोय तवर गाव हाय." माणसं माना डोलवत होती. मी तिथून उठून गुरांकडे गेलो. ज्या नावावर एवढी माणसं जीव टाकून बसलीत, ते पुकारणं मी बंद करणार आहे.

तेव्हा माझं एक काम कर. आबांना तू पत्र लिही. भाऊजींच्या हातचं नको, त्यांनी तुला शिकवलेल्या तुझ्या अक्षरात लिही. जयानं कुस्ती सोडली, एवढंच लिही, आणि तुला पटलं तर त्याला रागावू नका असंही. आबांना वाचता येत नाही, घरात आलेलं पत्र मीच वाचून दाखवतो, हेही मीच वाचीन. माझं म्हणून सांगायला तोंड उघडत नाही, तुझं म्हणून वाचता येईल. अक्षर जरा मोठं काढ. मधे अडखळलो तर ते माझ्या तोंडाकडे बघतील.

तुझ्या पत्राची वाट बघणारा, आणि ते पोचूच नये असंही वाटणारा,
तुझा धाकटा भाऊ
जया