पहिला नग

१ डिसेंबर २०२४, कोपरगाव

आले एकदाची. पारनेरहून कोपरगाव म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, पण गाडीतून उतरताच नाकाने सांगितलं की मुलूख बदलला. आमच्याकडे वाऱ्याला धुळीचा वास, इथे मळीचा. गोडूस, आंबूस, थोडा डोक्यात जाणारा. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि तिच्या टोकाला कारखान्याची चिमणी. कॉलनीतलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं आहे. मागे पेरूचं झाड आणि कपडे वाळत घालायला तार. सासूबाईंनी आल्या आल्या बजावलं की चिमणीकडे बघून मगच कपडे टाकायचे, वारा इकडचा असला की पांढऱ्या कपड्यांवर काजळी पडते.

सासूबाईंसमोर मी नवऱ्याचं नाव घेत नाही, त्यांना चालत नाही. पण वही माझी आहे, इथे तो कानिफ. कारखान्यात फिटर आहे, कमी बोलतो, हसला की गालाला खळी पडते. त्याचं हे दुसरं लग्न. पहिली ज्योती, दोन वर्षांपूर्वी तापाने गेली असं मला सांगितलं. मला बत्तिसावं लागलंय, सात वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना टायपिंग शिकवलं. आता मला माझं घर हवं होतं. दुसरेपणावर आले असले तरी या घरात मला पहिली व्हायचंय. हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

४ डिसेंबर

सासूबाईंनी आज देव्हाऱ्यातून लाल दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक काढला. सवतीचा टाक, मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाचा. दुसरेपणाच्या बायकोने तो गळ्यात घालायचा आणि साडी असो की बांगडी, नवीन काहीही आधी त्याला लावायचं, मग आपण वापरायचं. म्हणजे जन्मभर मी उष्टं वापरायचं! मी स्पष्ट नाही म्हटलं. मला वाटलं आता महाभारत होणार, पण कानिफने माझी बाजू घेतली. हे असलं आपल्या घरात नको, असं त्याने आईला सांगितलं. सासूबाईंनी टाक परत देव्हाऱ्यात ठेवला. जेवताना त्याच्या भाकरीवर मी तूप जरा जास्तच वाढलं.

९ डिसेंबर

कानिफची पहिली पाळी बारा वाजता सुटते. जेवला की तो टीव्हीला जोडलेल्या डब्यावर गेम खेळतो. नाव इंग्रजी आहे, तो नुसतं ‘गेम’ म्हणतो. एका उजाड मुलुखात आपलं माणूस उतरतं. लोखंड खणायचं, भट्ट्या लावायच्या, पट्ट्यांवरून माल फिरवायचा, हळूहळू अख्खा कारखाना उभा करायचा. मधूनमधून लोखंडी डुकरं हल्ला करतात, त्यांच्याशी लढायचं. आठ तास कारखाना करून घरी येऊन पुन्हा कारखानाच, म्हणून मी हसले. तर त्याने दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि एक शंभर पानी वही दिली. आधी हे वाच म्हणाला.

वही ज्योतीची. वर लिहिलेलं: ‘नव्याने खेळणाऱ्यासाठी’. अक्षर असं की शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला हिलाच बोलावत असणार.

“पहिल्या दिवशी तलवारीच्या मागे लागू नको, ढाल कर. भट्टी डोंगराच्या आडोशाला लाव. धूर जास्त तितकी डुकरं जास्त. पट्टा वळणावर अडकतो, वळण मोठं दे. पळून जाण्यात लाज नाही, मेल्यावर सगळं सामान तिथेच पडतं. काम हळू चाललं असेल तर शेजारी आणखी एक भट्टी जोड. नवीन वस्तू बनली की पहिला नग पेटीत ठेव. तो विकायचा नाही, वापरायचा नाही; पुढच्या यंत्राला नमुना लागतो.”

बाई हुशार होती. त्याचंच माझ्या पोटात दुखलं.

१५ डिसेंबर

मला जमायला लागलं. वहीतल्या सूचना पाळल्या तर खरंच मरत नाही माणूस. आज माझं तारेचं यंत्र चालू झालं आणि पहिली तार बाहेर पडली. मी टाळी वाजवेपर्यंत कानिफने ती उचलली आणि दुसऱ्या भट्टीजवळच्या पेटीत टाकली. त्या पेटीशेजारी लाल शिरस्त्राण घातलेली एक बाई उभी असते. ज्योतीचं पात्र. शेवटचा खेळ तिने जिथे थांबवला तिथेच.

नमुना कुठल्याही पेटीत चालतो, हे मी तपासून पाहिलं. तो मात्र न चुकता तिच्याच पेटीत टाकतो. विचारलं तर सवय म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईला टाक ठेवायला लावणारा हा शहाणा गेममध्ये रोज तेच करतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेलेलीची खोड जित्याने धरून ठेवलीय.

२२ डिसेंबर

तांब्याचा पत्रा बनला. पहिला नग मी माझ्या पिशवीत ठेवला. कानिफ पाळीवर होता, त्याला काय कळतंय. फार बरं वाटलं.

संध्याकाळी कासाराकडून आणलेल्या बांगड्यांचा कागद सोडला. डझनभर हिरव्या बांगड्या, आणि प्रत्येकीला आतून साबणाचा वाळलेला फेस. हातात चढवताना लावतात तसा. कासाराने कुणाच्या तरी हातातून उतरवलेल्या गळ्यात मारल्या असतील, म्हणून त्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

३ जानेवारी २०२५

पिशवीत सात पहिले नग झाले. पेटीत एकही जाऊ दिला नाही.

आज अंघोळीला नवा साबण घेतला. कागद मी स्वतः फाडला. साबण ओला होता. झिजून मधे खळगा पडला होता आणि त्यावर एक लांब केस होता. माझे केस खांद्यापर्यंत आहेत. सासूबाईंचे पांढरे आहेत.

मला भीती वाटायला हवी होती. आधी राग आला. माझ्या आधी? माझ्याच न्हाणीघरात?

१४ जानेवारी

माझी पहिली संक्रांत. कानिफने काळी साडी आणली होती. घडी मोडली तर निऱ्यांच्या चुण्या आधीच पडलेल्या, माझ्याहून चांगल्या चार बोटं उंच बाईच्या. तरीही मी हट्टाने नेसले. कानिफ दारातून आत आला, बघत राहिला, मग नजर खाली घातली. त्याला कोण दिसलं हे विचारायची गरज नव्हती. हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडून घेतलं.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आधी तिला दावायचं, मंग आपुन नेसायचं. एवढंच मागती ती.” मग सांगितलं की तापाने गेली हे खरं, पण सातवा महिना होता. “पहिलटकरीण हुती. तिचं पयलं तिला बघाया न्हाई मिळालं.”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडं. पण त्यापेक्षा जास्त हे वाटलं की कानिफने हे मला सांगितलं नाही. ते त्या दोघांचं होतं. त्यात मला जागा नव्हती.

२० जानेवारी

पुसून टाकली तिला.

दुपारी घरात एकटीच होते. गेम तीनदा विचारतो, नक्की का, परत येणार नाही. तिन्हीदा हो म्हटलं. लाल शिरस्त्राणवाली गुडघ्यांवर आली आणि विरली. मग पेटी मोडायला घेतली, तर पेटी रिकामी नाही म्हणून मोडता येत नाही असं आलं. उघडून पाहिली. आत काहीच नाही. कानिफने दोन वर्षं टाकलेले नगही नाहीत. तरी पुन्हा तेच. पेटी रिकामी नाही.

कानिफला मीच सांगितलं. तो ओरडला असता तर चाललं असतं. बरं केलंस म्हणाला आणि न जेवता पाळीवर गेला. मी मेले तर हा एवढा गप्प होईल का, हेच माझ्या डोक्यात.

२६ जानेवारी

सहा दिवस काही नाही. नवा साबण कोरडा, चहाचा पुडा बंद. जिंकले.

फक्त त्या पेटीत आता काहीतरी बनतंय. पेटीत वस्तू बनत नसते, ती यंत्रात बनते. चित्र नाही, नाव नाही, नुसती चौकोनांची पट्टी. एकेक चौकोन भरत जातो आणि शेवटचा भरला की नग बाहेर पडतो. साध्या वस्तूला चार चौकोन असतात. याला नऊ आहेत. एक भरलाय, दुसरा भरत आलाय. गेम बिघडला असेल.

२ फेब्रुवारी

मला दिवस गेलेत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या दोन महिने होतील. कानिफला खळी पडली, किती दिवसांनी. त्याने अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले. हे तरी फक्त माझं आणि त्याचं. यात ती नाही.

दुपारी गेम लावला. कशाला लावला.

दोन चौकोन भरलेत. तिसरा सुरू झालाय.

नऊ आहेत. नऊ.

५ फेब्रुवारी

पिशवीतले सगळे पहिले नग पेटीत टाकले. पेटी घेत नाही, परत पायाशी पडतात. सासूबाईंकडे टाक मागितला. त्यांनी काही न विचारता गळ्यात घातला. काळी साडी त्याला लावली, बांगड्या लावल्या, मंगळसूत्र लावलं. खरं सांगायचं तर त्यातही माझा जीव जळत होता.

पट्टी थांबली नाही.

९ फेब्रुवारी

कानिफने — देवा. काल मी झोपले असताना तो खेळला. माझी गंमत करायची म्हणून. कारखान्यात यंत्र रखडलेलं त्याला बघवत नाही, तसंच इथे. म्हणाला, “तुझं ते पेटीतलं लई हळू चाललं हुतं, दोन भट्ट्या जोडून दिल्या.”

चार चौकोन भरलेत.

मी ओरडले. मग त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या कपाळाला हात लावून ताप बघत होता.

भट्ट्या मोडता येत नाहीत. मालकाच्या जागी नाव येतं. ज्योती. मी पुसलेलं.

११ फेब्रुवारी

परकर कमरेला बसत नाही. आत लाथा — डॉक्टरीणबाईंनी तारीख पुन्हा विचारली, मग पुन्हा विचारली. बाळ पाच महिन्यांचं आहे म्हणाल्या. लग्नाला अडीच महिने झालेत.

रिक्षात सासूबाई बोटांवर मोजत होत्या. कानिफ बाहेर बघत होता. एकदाही माझ्याकडे नाही. म्हणजे त्यांना वाटतंय मी — लग्नाआधी —

त्याच्या मनात आता मी दुसरीसुद्धा नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळ

डब्याची वायर कापली. सुरीने. टीव्ही काळा. तरी मला कळतं. एक चौकोन भरला की पाठीतून कळ येते. सहा. सात.

वहीत लिहिलंय पळून जाण्यात लाज नाही. पण हे पोटात घेऊन कुठे —

दुपार

आठ.

कानिफ पाळीवर गेला. जाताना पेटीत काय आहे ते विचारलं त्याने. काय बनतंय, असं. आवाज मऊ होता. क्षणभर वाटलं माझ्याशी बोलतोय. तो माझ्या पोटाकडे बघत होता आणि म्हणाला, “आता तरी थांबशील ना, ज्योती?”

मी सविता आहे. सविता. सविता.

१३ फेब्रुवारी

नववा भरतोय. अर्धा. सासूबाई सुईणबाईला बोलवायला गेल्यात. दाराशी लाल काहीतरी —

ऐक. तू वहीत लिहिलंस तसं सगळं करते. साड्या घे. घर घे. मला यायचंच नव्हतं म्हण, मी आलेच नव्हते. कानिफला घे, तो तुझाच होता, मी उगीच — खरंच घे, मला नको. पण हे नको नेऊस. हे तुझं नाही, हे मी केलंय, हे माझं पहिलं —